कळते पण वळत नाही : व्यसनाच्या आकलनाचा इतिहास

दरवर्षी २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन येतो. शाळाशाळांतून प्रभातफेऱ्या निघतात, घोषणा होतात, मुले निबंध लिहितात आणि शपथ घेतात. तंबाखूच्या पुडीचा मोठा भाग तर आता कर्करोगाच्या चित्रानेच व्यापलेला असतो. तंबाखूने कर्करोग होतो हे कधीच न ऐकलेला माणूस आज शोधून काढावा लागेल. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचा वापर करताना आढळले. त्यांत निरक्षर होते तसे चांगले शिकलेलेही होते.

या अवस्थेसाठी आपल्या भाषेत एक नेमका वाक्प्रचार आहे : कळते पण वळत नाही. व्यसनाच्या प्रश्नाचा गाभा या चार शब्दांत आहे. नुसते अज्ञान असते तर माहिती देऊन भागले असते. पण ज्याला सगळे कळते, ज्याला सोडायचे असते, जो सकाळी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो, तोच संध्याकाळी पुन्हा गुत्त्याच्या दाराशी का उभा असतो? माणसाचे 'कळणे' आणि 'वळणे' यांच्यामध्ये असे काय आहे?

या प्रश्नाला गेल्या दोन-तीन शतकांत धर्माने, वैद्यकाने, कायद्याने आणि अलीकडे मेंदूविज्ञानाने उत्तरे दिली. प्रत्येक उत्तरात काही तथ्य होते. आणि प्रत्येक वेळी, हेच एकमेव उत्तर आहे असे मानले गेले तेव्हा माणसांचे नुकसान झाले. हा इतिहास शिक्षकांनी समजून घेण्याजोगा आहे, कारण व्यसनाच्या पहिल्या पायरीवरची मुले आणि व्यसनी पालकांची मुले, दोन्ही आपल्या वर्गात बसलेली असतात.

शब्द काय सांगतात?

आधी शब्दांकडे पाहू. 'व्यसन' हा संस्कृत शब्द. त्याचा एक अर्थ वाईट सवय आणि दुसरा अर्थ संकट किंवा विपत्ती. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण राज्यावर येणाऱ्या व्यसनांविषयी, म्हणजे संकटांविषयी आहे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळावयाची अठरा व्यसने सांगितली आहेत. दहा कामातून उपजणारी, आठ क्रोधातून उपजणारी. कामातून उपजणाऱ्यांपैकी मद्यपान, द्यूत, स्त्रिया आणि शिकार ही चार अधिक घातक मानली आहेत. त्याहून कितीतरी जुन्या ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक सूक्त जुगाऱ्याचे आहे. फासे सोडायचे ठरवूनही त्यांच्या आवाजामागे ओढला जाणारा, बायको आणि घर गमावून बसलेला माणूस त्यात बोलतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या जुन्या यादीत शिकार आणि द्यूत ही मद्याच्या शेजारी बसली आहेत. व्यसन लागण्यासाठी पोटात काही पदार्थ गेलाच पाहिजे असे येथे मानलेले नाही. आधुनिक मानसोपचाराला हे मान्य करायला बराच वेळ लागला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या रोगनिदान-पुस्तिकेत जुगाराच्या विकृतीला दारू आणि हेरॉइन यांच्या प्रकरणात आणून बसवले ते २०१३ साली.

इंग्रजीतील 'अ‍ॅडिक्ट' या शब्दाचे मूळही बोलके आहे. प्राचीन रोममध्ये कर्ज न फेडू शकलेल्या माणसाला न्यायाधीशाच्या निर्णयाने सावकाराच्या हवाली करीत. अशा माणसाला 'अ‍ॅडिक्टस' म्हणत. म्हणजे एका शब्दात संकट आहे, तर दुसऱ्यात गुलामी. यातला कोणताही शब्द मुळात 'मौज' किंवा 'चैन' असा अर्थ सांगत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पाप की रोग?

अठराव्या शतकापर्यंत युरोप-अमेरिकेत अट्टल दारूबाजी हे पाप समजले जाई. माणूस पितो कारण त्याला प्यायचे असते, आणि म्हणून तो दोषी, असा हा सरळ हिशेब होता. या हिशेबाला पहिला मोठा धक्का दिला तो फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी ते एक. १७८४ साली त्यांनी कडक मद्याच्या परिणामांवर एक पुस्तिका लिहिली आणि अतिमद्यपानाला रोग म्हटले. सुरुवात स्वेच्छेने होते, पुढे सवय होते आणि शेवटी माणसाला पर्यायच उरत नाही, असा त्यांच्या मांडणीचा रोख होता. ब्रिटिश आरमारातील वैद्य टॉमस ट्रॉटर यांनी १८०४ साली दारूच्या सवयीला मनाचा विकार म्हटले. १८४९ मध्ये स्वीडनचे माग्नुस हुस यांनी 'अल्कोहोलिझम' हा शब्द वापरात आणला.

परंतु रोग म्हणणाऱ्या वैद्यकाचे स्वतःचे हातही स्वच्छ राहिले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन औषधविक्रेते झेर्ट्युर्नर यांनी अफूतून मॉर्फिन वेगळे केले. १८५३ च्या सुमारास टोचण्याची सुई आली. वेदना शमवण्याचे एवढे प्रभावी साधन पूर्वी कधीच हाती आले नव्हते. डॉक्टरांनी ते सढळ हाताने वापरले आणि मॉर्फिनच्या आहारी गेलेले रुग्ण दिसू लागले. १८९८ साली बायर कंपनीने मॉर्फिनपासून बनवलेले एक नवे औषध खोकल्यासाठी बाजारात आणले. त्याचे नाव हेरॉइन. मॉर्फिनसारखी सवय याने लागत नाही, अशी त्या वेळी समजूत होती! शंभर वर्षांनंतर अमेरिकेत याच चुकीची पुनरावृत्ती झाली. १९९६ साली बाजारात आलेल्या ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामकाची सवय लागण्याचा धोका कमी आहे असे सांगून विक्री झाली. २००७ मध्ये उत्पादक कंपनीने न्यायालयात दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला. तोवर असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त झाली होती.

तिसरे उत्तर कायद्याचे. पदार्थच नाहीसा केला तर व्यसन कुठून उरेल? अमेरिकेत १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. सुरुवातीला पिण्याचे प्रमाण खरोखर घटले. पण चोरटी दारू, गुन्हेगारी टोळ्या आणि लाचलुचपत वाढली आणि अखेर घटनादुरुस्ती करून बंदी उठवावी लागली. पदार्थाची उपलब्धता महत्त्वाची असते यात शंका नाही. पण माणसाची ओढ केवळ पदार्थात नसते, हेही त्या तेरा वर्षांनी दाखवून दिले.

मेंदूतली कळ

मग ती ओढ असते कुठे? १९५४ साली कॅनडातील मॅक्‌गिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर या दोन संशोधकांनी उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवून तिच्यातून क्षीण विद्युत्प्रवाह सोडायचा, असा हा प्रयोग होता. एका उंदराच्या मेंदूतील तार ठरवलेल्या जागी न जाता थोडी बाजूला पोचली होती. तो उंदीर ज्या कोपऱ्यात त्याला झटका मिळाला होता त्या कोपऱ्याकडे पुन्हा पुन्हा जाऊ लागला! पुढे उंदराला स्वतःच कळ दाबून प्रवाह घेण्याची सोय करून दिली, तेव्हा काही उंदीर तासाला शेकडो, पुढच्या प्रयोगांत तर हजारो वेळा कळ दाबू लागले.

१९७३ मध्ये अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी, आणि त्याच सुमारास आणखी दोन प्रयोगशाळांनी, मेंदूतील पेशींवर अफूवर्गीय रसायने नेमकी जाऊन बसतात अशा जागा असल्याचे दाखवले. कुलपात किल्ली बसावी तसे हे असते. मग सहजच प्रश्न आला : खसखशीच्या बोंडातल्या रसायनासाठी निसर्गाने आपल्या मेंदूत कुलूप कशाला बनवून ठेवले असेल? उत्तर १९७५ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी दिले. मेंदू स्वतःच अशा किल्ल्या तयार करतो. या रसायनांना त्यांनी एन्केफॅलिन हे नाव दिले. अफू ही दुसऱ्याच्या कुलपाला लागणारी चोरकिल्ली ठरली.

चोरकिल्ली रोज वापरली की काय होते हे समजण्यासाठी एक उपमा घेऊ. आपल्या कानाशी कोणी सतत ओरडू लागले तर आपण कान झाकून घेतो. मग आणखी मोठ्याने ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. मात्रा वाढवावी लागते ती अशी. आणि ओरडणारा एकाएकी गप्प झाला तर झाकलेल्या कानांना साधे बोलणेही ऐकू येत नाही. व्यसनी माणसाला घरचे जेवण, मुलाचे हसणे, सणवार, सगळे फिके वाटू लागते ते यामुळे. तो निगरगट्ट झालेला नसतो. त्याच्या मेंदूने कान झाकलेले असतात.

दारूच्या बाबतीत याला आणखी एक गंभीर बाजू आहे. दारू मेंदूला मंदावते, म्हणून मेंदू तोल सांभाळण्यासाठी आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर ही वाढलेली उत्तेजना मोकळी सुटते. हात थरथरतात, भास होतात, झटके येतात आणि कधी कधी मृत्यूही ओढवतो. म्हणून अशा माणसाला 'आजपासून थेंब नाही' अशी शपथ घालताना डॉक्टरांची मदत घेणे आवश्यक असते.

आवडणे आणि हवे असणे

ओल्ड्सच्या प्रयोगानंतर बरीच वर्षे असा समज होता, की मेंदूत 'सुखाचे केंद्र' आहे आणि डोपामिन हे 'सुखाचे रसायन' आहे. आजही वर्तमानपत्रांतून असे वाचायला मिळते. पण हे चित्र अपुरे आहे.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी उंदरांच्या मेंदूतील डोपामिन जवळजवळ पूर्ण नष्ट केले. हे उंदीर समोर अन्न असूनही खाईनात. त्यांना भरवावे लागे. पण त्यांच्या तोंडात साखरेचे पाणी घातले की ते नेहमीच्या उंदरांप्रमाणेच जीभ फिरवून गोडीची पसंती दाखवत. म्हणजे 'आवडणे' शाबूत होते, 'हवेसे वाटणे' गेले होते! या दोन गोष्टी मेंदूत वेगळ्या आहेत आणि डोपामिनचे नाते मुख्यतः दुसरीशी आहे. १९९३ साली या दोघांनी मांडलेला सिद्धांत असा : व्यसनात 'हवे असणे' वाढत जाते, 'आवडणे' मात्र वाढत नाही, उलट कमी होऊ शकते. दारूचा तिटकारा आलेला माणूसही दारूसाठी तळमळतो, हे कोडे येथे उलगडते.

याच काळात स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मेंदूतील डोपामिनच्या पेशींचे निरीक्षण करीत होते. माकडाला अनपेक्षितपणे फळाचा रस मिळाला की या पेशी उद्दीपित होत. रसाआधी प्रत्येक वेळी दिवा लावला तर काही काळाने पेशी रसाला नव्हे, दिव्याला प्रतिसाद देऊ लागत. आणि दिवा लागूनही रस आला नाही तर नेमक्या त्या क्षणी त्या मंदावत. मेंदू सुखापेक्षा सुखाच्या खुणा अधिक पक्क्या शिकतो. तंबाखू मळण्याचा आवाज, ठरावीक मित्र, ठरावीक नाका, पगाराचा दिवस या सगळ्या अशाच खुणा. सहा महिने कोरडा राहिलेला माणूस त्या वळणावर आला की पाय आपोआप वळतात. वळण्याचे काम 'कळणाऱ्या' मेंदूकडे नसतेच. ते शिकलेल्या सवयीकडे गेलेले असते.

या साऱ्याच्या आधारे १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसन संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक ॲलन लेश्नर यांनी 'व्यसन हा मेंदूचा रोग आहे' अशी ठाम मांडणी केली. तिचा मोठा फायदा झाला. व्यसनी माणसाकडे गुन्हेगार म्हणून पाहणे कमी होण्यास मदत झाली. पण हे उत्तर तरी पूर्ण होते का?

व्हिएतनामहून परतलेले सैनिक

शंकेला जागा देणारा पुरावा आधीच हाती आला होता. १९७१ साली व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचे व्यसन पसरल्याच्या बातम्यांनी अमेरिका हादरली. लाखो व्यसनी तरुण आता घरी येणार अशी भीती होती. सरकारने ली रॉबिन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंना पाहणी करण्यास सांगितले. सप्टेंबर १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांतून निवडलेल्या सुमारे ९०० जणांच्या मुलाखती झाल्या. सुमारे २० टक्के सैनिक तेथे असताना अफूवर्गीय पदार्थांच्या आहारी गेले होते. पण मायदेशी परतल्यानंतर पहिल्या वर्षात त्यांतले केवळ ५ टक्केच पुन्हा व्यसनाधीन झाले. तीन वर्षांचा काळ धरला तरी हा आकडा सुमारे १२ टक्के होता. आणि यातल्या बहुतेकांनी कोणतेही उपचार घेतलेले नव्हते.

हेरॉइन एकदा लागले की सुटतच नाही, हा समज येथे मोडला. तेच रसायन, तेच मेंदू. बदलले ते गाव, सोबती, काम आणि रोजचा दिवस. युद्धभूमीवरच्या खुणा मागे राहिल्या आणि घरी आई-वडील, बायको, नोकरी यांनी जागा भरून काढली. याउलट, व्यसन जेथे लागले तेथेच परत जाणाऱ्या रुग्णांत ते पुन्हा डोके वर काढण्याचे प्रमाण किती मोठे असते, हे रुग्णालयांचा अनुभव सांगतोच. थोडक्यात, व्यसनाचे मूळ मेंदूत आहे हे खरे, पण मेंदू हवेत तरंगत नसतो. तो कोणत्या तरी गल्लीत, कोणत्या तरी घरात राहतो.

युंग यांचे पत्र

आता अध्यात्माकडे वळू. विज्ञानाच्या मासिकात हा विषय कशाला, असे कोणाला वाटेल. पण व्यसनमुक्तीच्या इतिहासातून तो वगळता येत नाही.

१९३० च्या सुमारास एक अमेरिकन उद्योजक आपली दारू सुटावी म्हणून स्वित्झर्लंडला प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्याकडे गेला. काही काळ सुधारला, पुन्हा प्यायला. तेव्हा युंग यांनी त्याला स्पष्ट सांगितले, की वैद्यकाकडे आता तुमच्यासाठी उपाय नाही. जीवनाला मुळापासून पालटून टाकणारा एखादा आध्यात्मिक अनुभव आला तरच आशा आहे. हा निरोप माणसामाणसांतून फिरत न्यूयॉर्कच्या बिल विल्सन यांच्यापर्यंत पोचला. शेअरबाजारात काम करणारे विल्सन दारूपायी पार कोलमडले होते. डिसेंबर १९३४ मध्ये रुग्णालयात त्यांना तसा अनुभव आला आणि त्यांनी दारू सोडली.

पुढची घटना अधिक महत्त्वाची. मे १९३५ मध्ये विल्सन कामासाठी ॲक्रन या गावी गेले. काम फसले. हॉटेलात एकटे असताना शेजारच्या बारमधले आवाज ऐकू येत होते. पिण्याची ओढ अनावर झाली तेव्हा त्यांनी गावातील चर्चना दूरध्वनी करून विचारले, की येथे दारूने त्रासलेला कोणी माणूस आहे का, मला त्याच्याशी बोलायचे आहे. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदांची गाठ पडली आणि 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या संघटनेचा जन्म झाला. दुसऱ्याला मदत करता करता आपण सावरतो, हे तिचे मूळ सूत्र. आपल्या इच्छाशक्तीच्या बळावर हे जमत नाही हे कबूल करायचे, आपल्याहून मोठ्या शक्तीचा आधार घ्यायचा आणि ती शक्ती कोणती हे ज्याने त्याने ठरवायचे, अशी तिची रीत.

१९६१ साली विल्सन यांनी युंग यांना आभाराचे पत्र लिहिले. उत्तरात युंग यांनी लॅटिनमधील एका योगायोगाकडे लक्ष वेधले : 'स्पिरिटस' हाच शब्द मद्यालाही आहे आणि आत्मतत्त्वालाही. दारूची तहान ही खालच्या पातळीवरची, पण पूर्णत्वाचीच तहान असते, असा त्यांचा आशय होता.

वैज्ञानिकाने यावर काय म्हणावे? ईश्वर आहे की नाही हे येथे तपासता येत नाही. पण अशा सभांना गेल्याने दारू सुटते का, हे तपासता येते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात २७ अभ्यास आणि १० हजारांहून अधिक माणसे यांचा विचार केला होता. संपूर्ण दारूमुक्ती टिकवण्यात ही पद्धत, तिची ओळख शिस्तबद्धपणे करून दिल्यास, इतर प्रस्थापित मानसोपचारांइतकी किंवा त्यांहून सरस ठरली. अर्थात सर्वांनाच ती लागू पडते असे नाही. अफूवर्गीय व्यसनात तर मेथाडोनसारखी औषधे जीव वाचवतात. १९६५ साली न्यूयॉर्कच्या व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी हा उपचार प्रथम मांडला. तेव्हा 'औषध घेणे म्हणजे खरी मुक्ती नव्हे' असा आग्रह धरणे घातक ठरते.

'तृष्णा' हे दुःखाचे मूळ आहे असे गौतम बुद्धांनी सांगितले. विषयाच्या चिंतनातून संग आणि संगातून कामना उपजते, अशी साखळी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. शुल्ट्झ यांची माकडे आणि बेरिज यांचे उंदीर पाहताना याची आठवण होते. पण म्हणून आपल्या पूर्वजांना डोपामिन ठाऊक होते असे म्हणू नये. त्यांनी मनाचे बारकाईने निरीक्षण केले होते, एवढेच म्हणावे. तेही थोडे नाही.

आपल्याकडचा अनुभव

महाराष्ट्रात या तिन्ही धाग्यांची गुंफण दिसते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर दारू हे सरकारी महसुलाचे मोठे साधन बनले. पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० साली शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिले. पिणाऱ्याला दोष देण्याआधी दुकान कोणी उघडले हे त्यांनी पाहिले. विसाव्या शतकात गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज यांनी कीर्तन-भजनांतून दारूवर कोरडे ओढले.

वारकरी संप्रदायात तुळशीची माळ घालणे म्हणजे मद्य आणि मांस वर्ज्य करणे. 'माळ घातली आणि दारू सुटली' अशी माणसे आपल्या गावांतून आढळतात. यात चमत्कार मानण्याचे कारण नाही. माळेबरोबर माणसाचे सोबती बदलतात, संध्याकाळ गुत्त्याऐवजी भजनात जाते, वर्षाला वारीची वेळ ठरते आणि लोक त्याला 'माळकरी' म्हणू लागतात. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाला जे गाव बदलून मिळाले, ते याला गावातच राहून मिळते. मात्र संस्कृती एकाच बाजूची नसते. श्रावण पाळणारा समाजच आदल्या दिवशी गटारीही साजरी करतो. महिनाभर सहज बंद ठेवून पुन्हा पिणारे पुष्कळ असतात. पण ज्याला श्रावणातला एकेक दिवस मोजावा लागतो किंवा दुसऱ्याच दिवशी हात थरथरू लागतात, त्याची गोष्ट वेगळी. सवय आणि व्यसन यांतला फरक येथे दिसतो.

१९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर, म्हणजेच 'गर्द', पसरली. त्या वेळी डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या पाठबळाने १९८६ साली पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केले. तेथे विड्रॉवलचा त्रास आटोक्यात आणण्यासाठी औषधे होती, पण ती सुरुवात होती. पुढे गटसभा, योग, संगीत, कामाची शिस्त, कुटुंबाची शिबिरे आणि घरी गेल्यावरही पाठपुरावा. पुन्हा व्यसन झाले तर 'स्लिप' झाली म्हणायचे आणि परत या म्हणायचे, ही तेथली भाषाच बरेच काही शिकवते.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या साथीने गावागावांतील स्त्रिया उभ्या राहिल्या आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली झालेली बंदी २०२१ मध्ये उठवली गेली. 'उभी बाटली, आडवी बाटली' अशा मतदानातून स्त्रियांनी अनेक गावांतील दुकाने बंद केली. यांतून एवढे दिसते, की वरून आलेला कायदा आणि गावाने मनावर घेतलेला कायदा यांत फरक असतो.

शिक्षकाच्या हाती काय?

या इतिहासातून शिक्षकाला उपयोगी पडतील अशा काही गोष्टी हाती लागतात.

पहिली, वेळ. मेंदूचा पुढचा भाग, जो थांबायला आणि पुढचा विचार करायला मदत करतो, तो पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. 'खुणा शिकणारा' भाग मात्र आधीच जोमात असतो. म्हणून बहुतेकांना तंबाखूची सवय कोवळ्या वयात लागते. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. आपल्या शाळेबाहेरची टपरी पाहणे हे निबंधस्पर्धेइतकेच महत्त्वाचे आहे. तीच गोष्ट शिक्षकाच्या खिशातल्या पुडीची. ती पुडीही मुलांसाठी एक खूणच असते.

दुसरी, पकडलेल्या मुलाचे काय करायचे ही. दप्तरात गुटख्याची पुडी सापडली की मुलाला सर्वांसमोर उभे करण्याची किंवा शाळेतून काढून टाकण्याची रीत आहे. ज्याला चांगली संगत, काम आणि मान यांची सर्वांत अधिक गरज आहे, त्याच्याकडून आपण नेमक्या त्याच गोष्टी काढून घेतो आणि त्याला टपरीच्या स्वाधीन करतो. त्याच्याशी एकट्याने बोलावे, पालकांना विश्वासात घ्यावे, गरज वाटल्यास डॉक्टरांकडे न्यावे आणि त्याला कबड्डीच्या संघात, नाटकात, विज्ञान मंडळात गुंतवावे.

तिसरी गोष्ट वर्गातल्या दुसऱ्या मुलांची. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात दारू पिणारे सुमारे १६ कोटी आहेत आणि त्यांपैकी सुमारे ५.७ कोटींना मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसला ना कसला उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांच्या घरची मुले शाळेत येतात. 'दारूडे म्हणजे नालायक' असे आपण फळ्यासमोर उभे राहून म्हणतो तेव्हा ती खाली मान घालून ऐकत असतात. त्याऐवजी हा आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, त्यावर उपाय असतात आणि त्यातून बाहेर आलेली माणसे आहेत, हे त्यांच्या कानावर गेले, तर घरी जाऊन ते मूल कदाचित आईला तेवढे तरी सांगेल. कितीतरी घरांत उपचाराची सुरुवात अशाच एखाद्या वाक्याने होऊ शकते.